हेलिऑस ४४-२ लेन्सच्या घट्ट फोकस रिंगची दुरुस्ती
सोव्हिएत बनावटीच्या या ५८ मिमी लेन्सची फोकस रिंग इतकी घट्ट झाली होती की ती फिरवताना कॅमेऱ्याच्या एम४२ या आट्यांच्या माउंटमधून लेन्सच सुटू लागे. पुण्यातील ज्या कारागिरांकडे मी ती दिली, त्यांनी वरून तेल सोडण्याची पळवाट घेतली नाही, याचे मला फार मोल वाटते, कारण असे तेल पसरत प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर चढते. हेलिकॉइडच्या, म्हणजे फोकससाठी लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या नळीच्या, आट्यांना सुरुवातीची अनेक तोंडे असतात आणि चुकीचे तोंड जुळले तर अनंतावरचा, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंवरचा, फोकस हातचा जातो. म्हणून आटे सोडवताना त्यांनी सुईने बारीक खूण केली. सुकून चिकट झालेले ग्रीस पेट्रोलने धुऊन नव्याचा पातळ थर दिला. मजुरी जरा चढी, पण रास्त आहे. रिंग आता दोन बोटांनी, हवा तेवढाच रोध देत फिरते.