रंग कंपनीची डीलर स्कीम आणि तिचं ॲप: दोन वर्षांच्या वापरानंतर

कराडात आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. दुकान माझ्या सासऱ्यांनी, आबांनी उभं केलं. गेली काही वर्षं खरेदी, बिलिंग आणि कंपन्यांचे हिशेब मी बघते. एका रंग कंपनीची वार्षिक डीलर स्कीम आणि त्या स्कीमचा हिशेब दाखवणारं ॲप मी २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन पूर्ण वर्षं वापरलं. नवी डीलरशिप घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण जवळपास अशाच अटी मी दुसऱ्या दोन कंपन्यांच्या पत्रकांतही वाचल्या आहेत.

स्कीममध्ये दुकानदाराला सूट तीन वाटांनी मिळते. बिलावरची सूट तिथल्या तिथे दिसते. पैसे लवकर भरले की मिळणारी सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, पुढच्या महिन्यात खात्यात येते. टीओडी, म्हणजे वर्षाच्या उलाढालीवरची सूट, मार्च संपल्यावर हिशेब होऊन क्रेडिट नोटेने, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात जमा दाखवणाऱ्या कागदाने, येते. आमचे स्लॅब, म्हणजे उलाढालीचे टप्पे, असे होते: दहा लाखांच्या आत १ टक्का, दहा ते पंधरा २ टक्के, पंधराच्या वर ३ टक्के, आणि स्लॅब गाठला की टक्केवारी पहिल्या रुपयापासून.

कागदावर हे छान दिसतं. पण आमचं गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पहिलं वाक्य बोलतं, "नेट रेट सांगा." म्हणजे सगळ्या सुटी वजा करून शेवटचा भाव. शेजारच्या मलकापूरचा दुकानदार टीओडीही वजा करून वीस लिटरची बादली देत असेल तर मलाही त्याच भावाला द्यावी लागते. म्हणजे मार्चनंतर येणारे ३ टक्के मी दिवाळीतच गिऱ्हाइकाला देऊन बसलेली असते. ते आले नाहीत तर गेलेले पैसे माझे. म्हणून मी कुठल्याही स्कीमला आता एकच प्रश्न लावते: बादली विकते त्या दिवशी मला माझा खरा खरेदीभाव कळतो का?

पहिल्या वर्षी कळला नाही. २६ मार्च २०२४ ला आमच्या खातेवहीत त्या कंपनीची खरेदी १४,७०,००० होती. पुट्टी (रंगाआधी भिंतीला लावायची पांढरी भुकटी) स्कीममध्ये धरत नाहीत हे माहीत असल्यामुळे ती आधीच वजा केली होती. मी हिशेब केला: आहे तिथे थांबले तर २ टक्क्यांनी २९,४००, आणि आणखी चाळीस हजारांचा माल उचलला तर १५,१०,००० वर ३ टक्क्यांनी ४५,३००. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "घ्या ताई, मार्चला सगळं बसवून देतो." मी बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग मागवला.

ऑगस्टमध्ये क्रेडिट नोट आली २५,५९३ रुपयांची. कारण साधं होतं. स्कीम बेसिकवर, म्हणजे जीएसटी वगळून मोजतात. रंगावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माझ्या १५,१०,००० चे बेसिक १२,७९,६६१. तिसऱ्या स्लॅबच्या जवळपासही मी नव्हते. पत्रकात ही अट छापलेली होती, पण पत्रक मला जूनमध्ये फोटो म्हणून मिळालं आणि खालचा बारीक मजकूर वाचताच येत नव्हता. ॲपवर त्या वर्षी फक्त लिटर दिसायचे, रक्कम नाही. मार्चमध्ये घेतलेल्या पांढऱ्या बादल्या पावसाळाभर गोदामात राहिल्या, कारण जून ते सप्टेंबर आमच्याकडे बाहेरचं काम कोणी काढत नाही. त्यातल्या शेवटच्या दसऱ्यानंतर विकल्या. सीसी खात्यावरचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या उचलीवरचं, तेवढ्या महिन्यांचं व्याज मी भरलं. आबा एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला फार लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी एप्रिलमध्येच मेलने लेखी विचारलं: रक्कम बेसिक की जीएसटीसह, कोणता माल धरणार नाही, परत पाठवलेला माल कुठल्या महिन्यातून वजा होणार, उशिरा भरलेल्या बिलांचं काय. उत्तर यायला पाच आठवडे लागले, पण आलं. ॲपही सुधारलं. आता बेसिक रक्कम दिसते, कालचं बिल आज चढतं, पुढच्या स्लॅबला किती कमी आहे तेही दिसतं. हे खरंच चांगलं केलंय.

जे अजून नाही ते असं. त्या वर्षी माझी बेसिक खरेदी १३,४०,००० झाली. वर्ष संपून एप्रिल उलटल्यावर ॲपवर "पात्र उलाढाल" १२,७३,००० दिसू लागली. ६७,००० कुठे गेले, कोणत्या बिलांचे गेले, काही नाही. दोन संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसले तेव्हा सापडलं: ४५ दिवसांनंतर पैसे भरलेली तीन बिलं. दोन माझ्याच चुकीची होती. तिसऱ्याचे, २४,००० च्या बिलाचे, पैसे ४४व्या दिवशी गेले होते, पण त्यांच्या खात्यात नोंद मुदत उलटल्यावर, सोमवारी झाली. चार मेल आणि दोन महिन्यांनी त्याचे ४८० रुपये आले. बिलाशेजारी "बाद, कारण उशीर" एवढं लिहिलं असतं तर हे काही लागलं नसतं.

कंपनीची अडचण मला समजत नाही असं नाही. दोन दुकानदार एकाच नावावर बिलं काढून वरचा स्लॅब गाठतात, मार्चला उचललेला माल मेमध्ये परत पाठवतात. अटी त्यातूनच वाढत जातात. पण त्याचा भार वेळेवर पैसे भरणाऱ्यावर पडू नये.

पेंटरच्या टोकनबद्दलही लिहायला हवं. बादलीत कूपन असतं, त्यावरचा कोड पेंटरने स्कॅन केला की त्याला पॉइंट मिळतात. त्या पॉइंटचे पैसे बादलीच्या किमतीतूनच येतात आणि घरमालकाला ते माहीतच नसतं. मालकाने स्वतः बादली फोडून कूपन ठेवून घेतलं की पेंटर माझ्याकडे भांडायला येतो. साध्या फोनवाले जुने पेंटर मुलाकडून स्कॅन करून घेतात. मी आता गिऱ्हाइकाला बिल करतानाच सांगते की आत कूपन आहे, ते कोणी घ्यायचं हे आधी ठरवा.

टीओडीऐवजी परदेश सहल घ्या, असंही त्यांनी सुचवलं होतं. मी नको म्हटलं. १ जुलै २०२२ पासून धंद्यातून मिळणारा असा लाभ वर्षात वीस हजारांच्या वर गेला की तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४आर प्रमाणे १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) लागायचा, आणि सहलीची किंमत उत्पन्नात धरावी लागायची. रोख सूट किंवा रिबेटला ते कलम लागत नव्हतं. क्रेडिट नोटेबद्दल आमचे सीए दरवर्षी एक शंका काढायचे, जीएसटी न दाखवता आलेल्या नोटेवर आम्ही खरेदीच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट (आमच्या करातून वजा केलेली रक्कम) सरकारला परत करायचं का. १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने ते परत करायची गरज नाही हे स्पष्ट झालं, तेवढा एक घोर गेला.

ॲपला पाचपैकी साडेतीन, स्कीमला दोन. डीलरशिप सोडलेली नाही, कारण त्यांचा माल चांगला आहे आणि टिंटिंग मशीन (रंगाच्या छटा मिसळून देणारं) बिघडलं की माणूस दुसऱ्या दिवशी येतो. भाव सांगताना मात्र मी आता बिलावरची सूट आणि सीडी एवढंच धरते, टीओडी धरत नाही. यंदा दिवाळीत त्यामुळे दोन मोठे बंगले मलकापूरच्या दुकानाकडे गेले. ते गेल्याचं वाईट वाटलं, तरी भाव मी तोच ठेवला आहे.