फोम रोलर: यवतेश्वरच्या उतारानं धरलेल्या गुडघ्यासाठी घेतला, त्याचा रिव्ह्यू

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. फोम रोलर, म्हणजे ज्यावर अंग टेकवून मागंपुढं लोळायचं ते फोमचं नळकांडं, घ्या, पण गुडघा बरा होईल म्हणून घेऊ नका. मांडी, पोटरी आणि कुल्ला मोकळा करायला घ्या. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा चिकटवणीच्या कामाबद्दल कापला, एक तारा खोक्यावर छापलेल्या थापांबद्दल.

माझं साताऱ्यात टायरचं दुकान आहे. विक्री, पंक्चर, अलाइनमेंट, सगळं. पळायला लागलो चाळिशी उलटल्यावर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते, 2015 ला तिची गिनीजमध्ये नोंद झाली, बाहेरगावची माणसं महिनेन्‌महिने आधी लॉज बुक करतात, आणि आपण गावातले असून नुसत्या टाळ्या वाजवायच्या? म्हणून नाव घातलं. अंतर 21 किलोमीटर आणि वर थोडं. बाहेरच्यांना या आकड्यावरून काही कळत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. भीती सगळ्यांना चढाची. मला धरलं ते उतारानं.

पावसाळा नुकता लागला होता. घाट उतरताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचायला लागलं. चढताना काही नाही, सपाटीला किरकोळ. उतार लागला की दोन-तीन वळणांतच पाय वाकवायची भीती वाटावी इतकं. थांबलं की गायब, पुन्हा पळालं की हजर. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर सल्ल्यांची सर आली. बूट बदला, नी कॅप घाला, लेप लावा. आईनं तर तिळाचं तेल गरम करून आणलं. आणि निम्म्या ग्रुपचं एकच: "आयटी बँड आहे. रोलर मारा." आयटी बँड म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाचा पट्टा, त्याचं पुढं येतंच.

तर रोलर. मी घेतला तो आतून पोकळ आहे. कडक प्लास्टिकची नळी, तिच्यावर फोमचा बोटभर जाड थर, त्या थराला चौकोनी उंचवटे आणि लांब पट्ट्या. लांबी फूटभर. आठशेच्या आसपास बसला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो हे बघितल्या बघितल्या कळतं. धंद्याची खोड म्हणून आधी नख रुतवून पाहिलं. नख काढल्याबरोबर खूण भरून आली. म्हणजे फोम जिवंत आहे. माझ्या एका पळणाऱ्या दोस्ताकडं दुसरा प्रकार आहे, पांढरा, भरीव, थर्माकोलसारखा हलका. स्वस्त मिळतो, अंगाला मऊ लागतो, पण त्याचा मधोमध बसलाय. नख मारलं की खड्डा तसाच राहतो. अंगानं हलक्या माणसाला आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याला तो चालेल. माझ्यासारख्या भरलेल्या गड्याला नाही.

माझ्या रोलरची खोट वेगळी. फोमची पट्टी नळीभोवती गुंडाळून जिथं जोडलीय, तिथं एका टोकाला चिकटवण सुटली. ओठ उघडावा तशी फट, त्यात फरशीवरचे केस आणि धूळ. तिथं बोट घातलं तर आत गुळगुळीत प्लास्टिक लागतं, खरबडवलेलंच नाही, मग चिकटणार कसं? मी पॉलिश पेपर मारला, पंक्चरचं सोल्युशन लावलं, सुकू दिलं आणि सायकलच्या ट्यूबनं रात्रभर आवळून ठेवलं. त्यानंतर हललेलं नाही. पण हे ज्याच्या घरी सोल्युशन असतं त्याचं झालं. बाकीच्यांनी काय करायचं?

आता वापर. फरशीवर आधी सतरंजी टाका, नाहीतर रोलर एकीकडं आणि तुम्ही दुसरीकडं. कुशीवर होऊन मांडीची बाहेरची बाजू त्यावर टेकवली आणि पहिल्याच फेरीत डोळ्यांसमोर काजवे चमकले. खोक्यावरच्या चित्रातला गोरा माणूस मात्र हसतोय. खोक्यावर लिहिलंय, आयटी बँड लांब होतो, गाठी फुटतात, गुडघेदुखी कायमची जाते.

ते खोकंच मी फिजिओथेरपीच्या मॅडमना नेऊन दाखवलं. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलायला एकदम रोखठोक.

"काका, रोलर कुठं फिरवताय?"

"इथं. दुखतंय तिथंच."

"तिथंच नाही फिरवायचा."

मग त्यांनी समजावलं. आयटी बँड म्हणजे कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा जाड, चिवट पट्टा. तो स्नायू नव्हे. त्याला एक टक्का जरी लांब करायचं म्हटलं तरी जो जोर लागेल तो रोलरवर लोळून येत नाही. पूर्वी म्हणायचे की हा पट्टा गुडघ्याच्या हाडावर घासतो. आता बऱ्याच जणांचं मत असं की पट्ट्याखाली जी मऊ चरबी असते, दुखणं जाणवणाऱ्या नसांनी भरलेली, ती दाबली जाते. गुडघा साधारण तीस अंशांत वाकलेला असताना हा दाब जास्त, आणि उतारावर पाय टेकतो तेव्हा गुडघा नेमका त्याच कोनात येतो. आधीच दाबून दाबून चिडलेल्या जागेवर वरून कडक रोलर दाबायचा, हा कुठला इलाज?

मग मला आरशासमोर उजव्या पायावर उभं करून थोडं वाकायला लावलं. कमर डावीकडं झुकली आणि गुडघा आत गेला, मलासुद्धा दिसलं. कुल्ल्याचा बाहेरचा स्नायू कच्चा. इथं मात्र मला लगेच पटलं, कारण हे मी रोज बघतो. पुढचं टायर एका कडेनं झिजवून गिऱ्हाईक येतं आणि नवं टायर मागतं. टायर मी देतो, पण अलाइनमेंट केलं नाही तर नवंही त्याच कडेनं जाणार, हेही सांगतो.

खरं काम व्यायामानं केलं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ आणि जरा मागं ठेवून उचलायचा. साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपर आणि पावलावर अंग उचलून धरायचं. दुकानाच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा, आणि ते करताना गुडघा आत जाऊ द्यायचा नाही. कंटाळवाणा प्रकार आहे. दुकानातली पोरं हसतात. पण काही आठवड्यांनी कमर झुकायची थांबली.

पळणं बंद करायचं नाही, दुखतंय तेवढंच बंद करायचं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून चढ पायानं आणि उतार गाडीवर. मी घाट चढून यवतेश्वरला थांबायचो, पोरगं ॲक्टिव्हा घेऊन वर यायचं. तिथल्या धुक्यात, गार वाऱ्यात, झोप मोडलेलं पोरगं बापाला काय म्हणत असेल ते सांगत नाही. "आप्पा, उलट करू की, मी तुम्हाला वर सोडतो, तुम्ही पळत खाली या," एवढं एकदा उघड म्हणालं होतं. पुढं उतार थोडाथोडा परत सुरू केला, आधी शेवटची वळणं, मग हळूहळू वरची. पावलं आखूड आणि भरभर टाकायची, लांब ढांग नाही. दुखायला लागलं की तिथंच चालायला लागायचं.

मग रोलरला साडेतीन तारे कशाचे? घाट चढून आल्यावर मांडीचा पुढचा भाग आणि पोटऱ्या दगडासारख्या होतात. प्रत्येक जागी मिनिटभर सावकाश फिरवला की अंग सैल होतं, टायर काढायला खाली उकिडवं बसता येतं. दुसऱ्या दिवशीचा ठणकाही कमी वाटतो. असर तात्पुरता असतो, दुपारपर्यंत पाय पुन्हा आपल्या मूळ पदावर. पण व्यायामाच्या आधी फिरवला तर पाय नीट वाकतो आणि व्यायाम चांगला होतो, तेवढ्यासाठी तो रोज सतरंजीवर निघतो. बाहेरच्या बाजूनं फिरवायचाच असेल तर कमरेखाली, खिशाच्या जागी जो स्नायू आहे तिथं फिरवा. गुडघ्याच्या वर चार बोटं थांबा. कमरेच्या मणक्यावर नको. पायावर फुगलेल्या शिरा असतील, गुडघ्याला सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर रोलर राहू द्या, डॉक्टरला दाखवा.

कुल्ल्याच्या खोल जागेपर्यंत मात्र हा रोलर पोचत नाही. तिथं साधा टेनिस बॉल भिंतीला टेकवून फिरवलेला जास्त उपयोगी पडतो, आणि तो पोरांच्या क्रिकेटच्या पिशवीत फुकट मिळतो.

घेताना शक्यतो दुकानात जाऊन घ्या. नख मारून बघा, दोन्ही टोकांची चिकटवण बघा, आणि दुकानदाराला चालत असेल तर जमिनीवर ठेवून त्यावर एक पाय देऊन उभं राहा. नळी करकरली तर परत ठेवा. ग्रुपमधल्या एकाकडं चार्जिंगवर थरथरणारा रोलर आहे, किंमत माझ्याच्या चौपट. तोही वापरून पाहिला. गुदगुल्या छान होतात. त्या फरकाच्या पैशांत फिजिओच्या दोन-चार खेपा सहज बसतात.