चार बाटल्यांचा रिफिल किट: कोकणातल्या हवेत किती चालतो आणि ‘मुदत संपली’ म्हणजे नेमकं काय

प्रिंटरच्या शाईच्या काळी, निळी, गुलाबी, पिवळी अशा १०० मिलीच्या चार बाटल्या, चार सिरिंज, लांब बोथट सुया, प्लॅस्टिकची एक सक्शन क्लिप, पातळ हातमोजे आणि बोटाने फिरवायचं बारीक ड्रिल. रत्नागिरी-चिपळूणपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत कॉम्प्युटरच्या दुकानांत ‘युनिव्हर्सल रिफिल किट’ म्हणून जे मिळतं ते साधारण एवढंच. बॉक्सवरची नावं वेगळी, आतला माल एकाच धाटणीचा. सेवा केंद्रात सातबारा काढणारे, होमस्टेवाले, शाळेची कार्यालयं आणि पेटीवर स्टिकर लावणारे आंबा बागायतदार यांच्याकडे बहुतेक एचपी ६७८, ६८०, ८०३ किंवा कॅनन पीजी-७४५, सीएल-७४६, पीजी-४७ या जातीची कार्ट्रिज असतात. त्यांच्या पोटात स्पंज असतो आणि छापणारं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. हे परीक्षण त्यांच्यापुरतं आहे.

आधी निकाल सांगतो. काळ्या कार्ट्रिजसाठी हा किट पैसे वसूल करून देतो, पण त्यातली काळी बाटली बदलून घेतली तरच. रंगीत कार्ट्रिज हात बसल्यावर करावं, पहिल्याच दिवशी त्याला हात घालू नये.

काळी बाटली का बदलायची, तर ‘युनिव्हर्सल’ म्हणून दिलेली काळी शाई सहसा डाय असते, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. वर सांगितलेल्यांपैकी कॅननची पीजी आणि एचपीची ६७८, ६८० ही काळी कार्ट्रिज पिगमेंट शाईवर बनलेली असतात. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ते कागदाच्या वर बसतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. पिगमेंटच्या कार्ट्रिजमध्ये डाय भरली तर छपाई होते, दिसतेही बरी, पण अक्षराच्या कडा पसरतात आणि ओला हात लागला की ओळ पुसली जाते. पावसात छत्रीतून आणलेला डायमधला दाखला तहसील कार्यालयात पोचेपर्यंत निळसर डागांचा कागद होऊन जातो. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या हापूसच्या पेटीवर बागेचं नाव आणि क्यूआर कोड छापायचा असेल तर डाय चालणारच नाही. पेटीला घाम सुटला की कोडचे चौकोन एकमेकांत मिसळतात आणि फोन तो वाचत नाही. तिथे पिगमेंट शाई आणि मॅट स्टिकर पेपर घ्या. गुळगुळीत चकचकीत स्टिकरवर पिगमेंट मुरत नाही, बोटाने खरवडून निघतं. याच्या उलट डायच्या रंगीत कार्ट्रिजमध्ये पिगमेंट घालू नका, छिद्रं बुजतात.

बाटलीत काय आहे ते तपासायला एक थेंब साध्या कागदावर टाकायचा, दहा मिनिटं वाळू द्यायचा आणि ओल्या बोटाने घासायचा. निळी-जांभळी रेघ ओढली गेली की डाय. काळा ठिपका जागेवर राहिला की पिगमेंट. पिगमेंटची बाटली वापरण्याआधी हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटीपालटी करायची, कारण कण तळाला बसतात. जोरात हलवलीत तर फेस होतो आणि तोच फेस पुढे हवेचा बुडबुडा बनून हेडमध्ये अडकतो.

आता मुदतीचं. अनेकजण बॉक्सवरची तारीख उलटली म्हणून चांगली कार्ट्रिज फेकून देतात, तेव्हा वाईट वाटतं. एचपीच्या जोडहेडच्या कार्ट्रिजवर जी तारीख असते ती वॉरंटी संपण्याची. ती उलटल्यावर कार्ट्रिज चालणं थांबत नाही, कंपनी बदलून देत नाही एवढंच. ज्यांत हेड प्रिंटरमध्ये आणि शाईची टाकी वेगळी, अशा एचपीच्या व्यवसायासाठीच्या काही जुन्या मॉडेलांत मात्र टाकीवरच्या चिपमध्येच मुदत होती: बसवल्यापासून ३० महिने किंवा बनवल्यापासून साडेचार वर्षं, यातलं जे आधी येईल ते. आत शाई असली तरी प्रिंटर ती नाकारायचा. यावरून २००५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावा लावला होता. कंपन्यांची बाजू अशी की प्लॅस्टिकमधून पाणी उडतं, शाई दाट होते, नळीत हवा शिरते आणि हेड खराब होतं. हे खोटं नाही. पण कधी आणि किती, हे कार्ट्रिज कुठे आणि कसं ठेवलंय त्यावर ठरतं. बंद पिशवीत सावलीत ठेवलेलं कार्ट्रिज आणि पत्र्याच्या टपरीत उन्हात तापलेलं कार्ट्रिज यांना चिप एकच तारीख लावते.

चिपचं हे राजकारण मुदतीपुरतं थांबलेलं नाही. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांच्या चिपची कार्ट्रिज नाकारली, कारण फर्मवेअरमध्ये (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ती तारीख आधीच घालून ठेवलेली होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशाच निर्बंधांवरून कंपनीला १ कोटी युरो दंड केला. आणि जानेवारी २०२२ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा कॅननने मोठ्या कॉपियरांसाठी बिनचिपचे टोनर पाठवले आणि प्रिंटरवर येणारी सूचना कशी बाजूला सारायची ते ग्राहकांना स्वतःच समजावून सांगितलं. चिपशिवाय छपाई होते हे त्यांनीच दाखवून दिलं. म्हणून प्रिंटरचं आपोआप अपडेट बंद ठेवा आणि एचपीच्या सेटिंगमधलं ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ नवं कार्ट्रिज बसवण्याआधी बंद करा. एकदा कार्ट्रिज त्या प्रिंटरशी बांधलं गेलं की ते सोडवता येत नाही.

शाई खरंच गेलीय का, ते तारीख न बघता ठरवता येतं. सिरिंजने १ मिली ओढून पांढऱ्या बशीत सोडा आणि बशी तिरकी करा. शाई पाण्यासारखी एकसंध ओघळली तर ठीक. कडेला गुठळी राहिली, तळाला वाळूसारखं काही लागलं, शेवाळासारखा तंतू दिसला किंवा आंबूस वास आला तर ती बाटली बाजूला. किटच्या बाटल्यांनाही हाच नियम. एकदा उघडलेली बाटली वर्षभरात संपवावी आणि सुई बाटलीत बुडवण्याआधी स्वच्छ असावी, नाहीतर एका रंगाची घाण दुसऱ्यात जाते.

भरायची वेळ कधी, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पान पूर्ण कोरं येईपर्यंत थांबू नका. या हेडमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक बारीक हीटर असतो. तो शाई क्षणात तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. हीटरला थंड ठेवायचं काम शाईच करते. शाई नसताना वीस-पंचवीस पानं मारली की हीटर जळतात आणि नंतर कितीही शाई भरा, पट्टे कायम राहतात. ‘रिफिल केल्यावर कार्ट्रिज गेलं’ म्हणतात, त्यातलं पुष्कळदा आधीच गेलेलं असतं.

वेळ ओळखायला सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. नवं कार्ट्रिज हेडवरची मूळ क्लिप आणि टेप काढून तोला आणि आकडा कार्ट्रिजच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. १ मिली शाई म्हणजे १ ग्रॅमहून किंचित जास्त. पीजी-७४५ मध्ये मुळात ८ मिली शाई असते, तेव्हा ५-६ ग्रॅम घटलं की भरायचं. सीएल-७४६ मध्ये तिन्ही रंग मिळून ९ मिली, तिथे ५ ग्रॅमला थांबायचं. भरल्यावर पुन्हा तोलून लिहिलेल्या आकड्याच्या अर्धा-एक ग्रॅम खालीच राहायचं. किटमधल्या कागदावर सगळ्या कार्ट्रिजना सरसकट १० मिली लिहिलेलं असतं. ते पाळलंत तर टेबल रंगेल.

प्रत्यक्ष भरताना कार्ट्रिज जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर, हेड खाली करून ठेवा. वरचं लेबल एका कडेने सोलून काढा. खाली भोकं दिसतील आणि बाजूने नागमोडी चर दिसेल. तो हवेचा रस्ता आहे. भोक सुईपुरतं मोठं नसेल तर ड्रिल बोटाने फिरवा, भुगा आत पडू देऊ नका. रंगीतमध्ये कुठल्या भोकाखाली कुठला रंग, हे इंटरनेटवरच्या चित्रावरून ठरवू नका. प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून बघा. तिन्ही टूथपिक काळपट निघाल्या तर रंग आधीच मिसळलेत, ते कार्ट्रिज सोडून द्या.

सुई स्पंजमध्ये दोन-तृतीयांश खोल जाऊ द्या. १ मिलीला अर्धा मिनिट, इतक्या सावकाश दाबा आणि दाबताना सुई थोडी थोडी वर घेत या. काळ्यात ५ मिली, रंगीतमध्ये प्रत्येक कप्प्यात साधारण दीड मिली. भोकाच्या तोंडाशी शाई चमकली की थांबा आणि अर्धा मिली परत ओढून घ्या. स्पंज शाई धरून ठेवतो म्हणून ती हेडमधून आपोआप गळत नाही. तो काठोकाठ भिजला की ती पकड जाते. मग काळं ठिपकत राहतं आणि रंगीतमध्ये पिवळ्यात निळं उतरून हिरवं छापायला लागतं.

नंतर तासभर तसंच ठेवा. मग दुहेरी टिश्यूवर हेड हलकं टेकवून उचला, घासू नका. काळ्याची एक ठसठशीत रेघ, रंगीतच्या तीन वेगळ्या रेघा उमटल्या पाहिजेत. एखादी रेघ तुटक असेल तर सक्शन क्लिप लावून सिरिंजने अर्धा मिली ओढा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. किटमधला हा सगळ्यात कामाचा भाग आहे, आणि सगळ्यात कच्चाही. क्लिपचं रबर काही महिन्यांत कडक होतं आणि हवा घ्यायला लागतं. रबराला ग्लिसरीनचं बोट लावून ठेवलं तर जास्त टिकतं.

भोकांवर टेप लावताना नागमोडी चर मोकळा ठेवा. पहिलं अर्धं पान गडद आणि खाली फिकट होत गेलं, पाच मिनिटांनी पुन्हा ठीक, असं दिसलं की समजा चर बुजलाय. आत पोकळी तयार होते आणि शाई खाली यायला मागत नाही. टेप सोलली की लगेच सुटतं.

प्रिंटर तक्रार करेलच. कॅननवर ई१३ किंवा ई१६ लुकलुकलं तर स्टॉपचं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरा, त्या कार्ट्रिजची पातळी मोजणं बंद होतं आणि छपाई सुरू होते. एचपी ‘वापरलेलं किंवा रिफिल केलेलं कार्ट्रिज’ असं सांगतो, ओके केलं की पुढे जातो. ई०४, ई०५ किंवा ‘कार्ट्रिज प्रॉब्लेम’ आलं तर मामला विजेचा. इथल्या खाऱ्या हवेत तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कार्ट्रिजची पट्टी आणि प्रिंटरमधल्या पिना दोन्ही पुसा. एवढ्याने नाही गेलं तर हेडची वायरिंग जळालेली असते, त्याला औषध नाही.

हेड नुसतं सुकलं असेल तर बशीत २ मिमी कोमट पाणी घेऊन हेड पाच मिनिटं टेकवा, तांब्याची पट्टी कोरडी राहील असं. विहिरीचं पाणी नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. हेड क्लीनिंग दोनदाच मारा. प्रत्येक वेळी शाई वाया जाते आणि आतला वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषून घेणारा स्पंज) भरत जातो.

विजेचा कडकडाट झाला की आपल्याकडे थेट प्लग उपटतात. आधी प्रिंटरचं बटण दाबून तो बंद होऊ द्या, मग प्लग काढा. बटणाने बंद केला की कार्ट्रिज सरकून रबरी टोपीवर नीट बसतात. मध्येच लाईट गेली तर हेड उघडं राहतं आणि मे महिन्याच्या उष्म्यात दोन दिवसांत पिवळा रंग चोक होतो. जून ते सप्टेंबर छिद्रं सहसा सुकत नाहीत, तेव्हा त्रास कागदाचा. रिम फुगतो, डबल पान ओढलं जातं, काळं पसरतं. उघडा रिम घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. जादा कार्ट्रिज मात्र त्या डब्यात ठेवू नका, त्याला ओल हवी. वेगळ्या छोट्या डबीत हेडला मूळ क्लिप लावून, शेजारी ओल्या कापसाचा बोळा.

स्वतः न करता दुकानात भरून घ्यायचं असेल तर तुमचंच कार्ट्रिज भरून मागा. रिकामं घेऊन भरलेलं हातात देणाऱ्या दुकानात दुसऱ्याच्या प्रिंटरला बांधलेलं एचपी कार्ट्रिज गळ्यात पडू शकतं. काळी पिगमेंट आहे का ते विचारा, नोझल चेकचं पान (सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं) समोर काढून घ्या, आणि एसटीने नेणार असाल तर मूळ क्लिप सोबत न्या, कारण नुसत्या टेपवर घाटाच्या वळणांत शाई झिरपते. महिन्याला चार-पाचशेच्या वर पानं निघत असतील तर या खटाटोपात न पडता टाकीवाला प्रिंटर घ्या, फक्त त्याचा वेस्ट पॅड भरला की कॅननवर ५बी०० येतं हे लक्षात असू द्या.

एक काळं कार्ट्रिज नीट सांभाळलं तर पाच-सहा वेळा भरता येतं, रंगीत तीन-चार वेळा. किट आगोटीच्या खरेदीतच घेऊन ठेवा. गणपतीच्या पावत्या छापायच्या आठवड्यात बाजारात पिगमेंटची बाटली शोधत फिरावं लागू नये. तोवर दर आठवड्याला चारही रंगांचा एक छोटा पट्टा छापत राहा.