स्ट्रायपरची ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’: आठ महिने ऐकून झाल्यावर

स्ट्रायपर या अमेरिकन ख्रिस्ती हेवी मेटल बँडची ही रेकॉर्ड मी गंमत म्हणून घेतली होती, हे आधीच कबूल करतो. अंगभर पिवळे-काळे पट्टे, डबाभर स्प्रे मारून फुगवलेले केस, आणि गाणी येशूची. चर्चच्या मंडळीत पेटी-तबल्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला याचं हसूच आलं. म्हटलं, भिंतीवर लावायला कव्हर तरी होईल. पण ती अजून भिंतीवर गेलेली नाही. आठवड्यातून दोनदा तरी टर्नटेबलवर असते.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधी. याच नावाच्या दोन रेकॉर्ड बाजारात दिसतात. १९८४ मध्ये एनिग्मा या रेकॉर्ड कंपनीने काढलेली पहिली, सहा गाण्यांची. मग बँडचं नाव झालं आणि १९८६ मध्ये तीच रेकॉर्ड दोन गाणी वाढवून, नव्या कव्हरात पुन्हा आली. माझ्याकडे ही दुसरी, आठ गाण्यांची आहे. जुनी वापरलेली, २,४०० रुपयांना. विकणाऱ्याने ‘जवळजवळ नवी’ म्हटलं होतं. घरी आणून उजेडात धरली तर मधोमध केसासारखी रेघ. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने दोनदा पुसल्यावर खरखर कमी झाली, पण हळू गाण्यांत ती रेघ अजून टिकटिकते.

आता आवाजाबद्दल. पहिल्या महिन्यात वाटलं, माझी सुईच गेली. सगळं वरवर वाजतंय, खाली बुडच नाही. बेसचं बटण पुढे फिरवलं, स्पीकर भिंतीला टेकवले. मग त्यांचीच १९८६ ची ‘टू हेल विथ द डेव्हिल’ त्याच सेटवर लावली आणि उलगडा झाला: दोष सुईचा नाही, रेकॉर्डच तशी आहे. ‘टू हेल विथ द डेव्हिल’ अमेरिकेत प्लॅटिनम झाली, म्हणजे दहा लाखांवर खपली, तिच्यातलं ‘ऑनेस्टली’ बिलबोर्डच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. तिला इस्त्री मारलेली आहे. इथे मात्र चार पोरं स्टुडिओचे तास संपायच्या आत वाजवून मोकळी व्हायला निघाल्यासारखी वाटतात. चौथ्या महिन्यापासून मला हा चुरगळलेपणाच आवडायला लागला. बेसचं बटण परत मधे आणलं.

टिकलं काय, तर गिटारी. मायकेल स्वीट आणि ऑझ फॉक्स दोघं एकच ओळ वेगवेगळ्या सुरांवरून जोडीने वाजवतात, तेव्हा अजूनही हातातलं काम थांबतं. मायकेलचा गळा उंचावर जाऊनही चिरकत नाही. ‘लाउड अँड क्लिअर’ हे पहिलंच गाणं म्हणजे टीकाकारांना आधीच दिलेलं उत्तर: केस लांब असतील, कपडे घट्ट असतील, पण स्तुती देवाचीच. ‘फ्रॉम राँग टू राइट’ मध्ये सगळे बँड सैतानाचा उदोउदो करतात, आपण गोष्ट बदलू, असा सूर आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिसच्या क्लबांत उभं राहून हे गायला छाती लागते. नंतर तर हे लोक स्टेजवरून प्रेक्षकांत बायबलमधल्या ‘नव्या करारा’च्या प्रती फेकायचे. आणि मार दोन्हीकडून. ज्या जिमी स्वॅगार्टची टीव्हीवरची प्रवचनं पाहून स्वीट कुटुंब श्रद्धेकडे वळलं, तोच पुढे ख्रिस्ती रॉकवर तुटून पडला.

विरलं काय, तर शब्द. पन्नासाव्या वेळी ऐकताना कळतं की शब्दसंपत्ती चिमूटभर आहे. प्रेमाची गाणी देवासाठी आहेत की मैत्रिणीसाठी, हे ‘माय लव्ह आय’ल ऑलवेज शो’ ऐकून कुणाला सांगता येईल? ‘यू वोन्ट बी लोनली’ मी हल्ली सुई उचलून ओलांडतो.

घरचा अनुभवही लिहितो, कारण खरी परीक्षा तिथेच झाली. आई आवाज ऐकून देवघरातून नव्हे, आमच्याकडे ते नाहीच, स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, काही पडलं का?” पप्पा मात्र कव्हर घेऊन बसले. बँडच्या नावाखाली यशया ५३:५ लिहिलेलं असतं. पप्पांनी पवित्र शास्त्र न उघडताच म्हटलं, “त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.” इंग्रजी बायबलात तिथे ‘स्ट्राइप्स’ आहे, म्हणजे फटक्यांचे वळ. हे पट्टे त्यावरून आलेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी त्यांना मधमाश्या म्हणायचो. मग ‘कमॉन रॉक’ लावून मी त्यांना ‘रॉक’ वरची कोटी समजावली, तर म्हणाले, “स्तोत्रांत दावीद देवाला खडकच म्हणतो. आणि ना. वा. टिळकांनी नाही का अभंग घेतला? यांनी गिटार घेतली.” थोडं थांबून, “पण आवाज कमी कर.”

तांत्रिक कुरकुर एकच राहिली. शेवटचं ‘रीझन फॉर द सीझन’ हे नाताळचं गाणं सगळ्यात लांब आणि नेमकं तबकडीच्या आतल्या वळणांवर. तिथे माझ्या साध्या सुईवर झांजा फुटतात, ‘स’ आणि ‘श’ फरफरतात. सुईचा कोन नीट लावल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. चांगली सुई असेल तर हा त्रास कमी व्हावा.

सहा गाण्यांची पहिली प्रत दुप्पट भावात दाखवली तर मी घेणार नाही. संग्राहकांनी जरूर घ्यावी. ऐकायला आठ गाण्यांची पुरते. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा त्या टिकटिकीने खाल्ला, त्यात बँडचा दोष नाही.