वाल दोर्चात भाड्याची ई-माउंटन बाइक: पैसे कशाला द्यावेत, कशाला नाहीत

आधी निकाल सांगून टाकते. सायकलच्या दुकानाला पाचपैकी पाच, सहल विकणाऱ्या कंपनीला जेमतेम अडीच. नावं दोघांचीही देत नाही. त्या पट्ट्यात भाड्याने सायकली देणारी दुकानं गावोगाव आहेत, आणि मी खाली जे तपासून घ्यायला सांगतेय ते कुठल्याही दुकानात तपासता येईल.

जागा म्हणजे टस्कनीतलं वाल दोर्चा, सिएनाच्या दक्षिणेचं खोरं. कॅलेंडरवर हिरव्या गव्हाची टेकडी, माथ्यावर एकटं दगडी घर आणि घराकडे जाणारी सायप्रसची रांग दिसते ना, ते. २००४पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मी साताऱ्याची, पंचावन्नची, सकाळी यवतेश्वरचा घाट सायकलने चढणाऱ्या टोळक्यातली. धाकटी बहीण मिलानला असते, तिला इटालियन येतं. मे महिन्यात दोघींनी आधी सान क्विरिको दोर्चा या गावात मुक्काम टाकला आणि तिथून पुढे भटकलो.

स्वतःची ई-बाइक इथून नेता येत नाही, हे बऱ्याच जणांना तिकीट काढल्यावर कळतं. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि ई-बाइकची बॅटरी ५००-६००ची असते. म्हणजे भाडं आलंच. दिवसाला पन्नास युरोच्या आसपास पडतं, जास्त दिवस घेतली तर दर उतरतो. उतरवून घ्यावा लागतो, तो भाग बहिणीने सांभाळला.

आता दुकानाला पाच का, ते. काउंटरमागे सत्तरीचे एक आजोबा. त्यांनी आमचे पासपोर्ट बघण्याआधी आमचे पाय बघितले. मला सीटवर बसवून टाच पेडलवर ठेवायला लावली, गुडघा किती सरळ होतो ते पाहिलं, सीट बोटभर वर केली, पुन्हा पाहिलं. मग वजन विचारलं. बहीण हसली. "अगं ताई, खरं सांग, फोर्कमध्ये हवा त्याप्रमाणे भरायची असते." फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुपायी दांडा. त्याच्या नळीवर एक बारीक रबरी कडं असतं. मला बसवून, उतरवून ते कडं किती सरकलं हे त्यांनी बोटाने मोजलं, छोट्या पंपाने हवा कमी केली आणि परत बसवलं. टायरची हवाही कमी केली. माझा हात घट्ट टायर दाबायला सरावलेला, त्यामुळे मला ते पंक्चर झाल्यासारखंच वाटलं. पण सुट्या खडीवर उतरताना कळलं की टायर जरा दबला तरच रस्त्याला धरतो.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. आपल्या स्कूटीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तिकडच्या भाड्याच्या सायकलींना बहुतेक वेळा तो डाव्या हाताला असतो. मागचा समजून डावा ब्रेक दाबला आणि खाली खडी असली, तर सायकल थांबते आणि आपण पुढे जातो. आजोबांनी मला दुकानामागच्या अंगणात डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबत गोल गोल फिरवलं, तेही दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. पाचातले दोन गुण या अंगणाचे.

सायकल हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. मोटर बॉशची, वजन पंचवीस किलोच्या घरात. युरोपातल्या नियमाने ही मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. सपाटीवर त्यापुढे जायचं तर पंचवीस किलोचं धूड आपल्याच मांड्यांनी ओढायचं. सहल कंपनी आम्हाला दर दिवसाला वीस युरो जास्त घेऊन पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली सायकल देणार होती. आजोबांनीच हात झटकला. इथे कशाला, असा त्यांचा सूर. बरोबर होतं त्यांचं. झाडीतल्या अरुंद, मुळंदगडांच्या वाटांवर उड्या मारत उतरायचं असेल तर टस्कनीतच पश्चिमेला मास्सा मारित्तिमा किंवा पुंता आला गाठावं. एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइक शर्यतींच्या मालिकेची अगदी पहिली फेरी २०१३ साली पुंता आलालाच झाली होती. नाहीतर शेजारच्या लिगुरिया प्रांतात फिनाले लिगुरे. वाल दोर्चात बहुतेक सगळं पांढऱ्या मातीच्या, खडीच्या रस्त्यांवर चालतं. या सहलीला 'माउंटन बाइकिंग' म्हणणं हा जाहिरातीचा भाग.

म्हणून सोपं आहे का? अजिबात नाही. आकड्यांवर जाऊ नका. पिएन्झा ४९१ मीटरवर, मोंताल्चिनो ५६४ मीटरवर, दोन्ही साताऱ्याहून खालीच. घाट म्हणावा असा एकही नाही. पण यवतेश्वरला एकदा चढलं की चढून होतं. इथे चढतो, लगेच उतरतो, परत तेवढंच चढतो, आणि हे संध्याकाळपर्यंत. छातीवर येणारे तुकडे लहान असतात पण संपत नाहीत.

याचं कारण मला त्या रस्त्यांतच सापडलं, आणि शेतकऱ्याची मुलगी म्हणून मला ते फार आवडलं. खालची जमीन चिकणमातीची, एके काळच्या समुद्राच्या तळाची. उतार घसरतात, म्हणून घरं बांधली टेकड्यांच्या माथ्यावर. आणि घरं गावात एकत्र नाहीत, एकेक शेतात एकेकटी, कारण इथे शतकानुशतकं अर्धेलीची शेती होती. मालक जमीन आणि घर द्यायचा, कुटुंब तिथेच राहून राबायचं, पीक निम्मं निम्मं. १९६४च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, पण त्याआधीपासूनच लोक कारखान्यांकडे निघून चालले होते. घरं ओस पडली. त्या सुमारास सार्डिनियाहून मेंढपाळ कुटुंबं येऊन रिकाम्या शेतांवर वसली. पिएन्झाच्या पेकोरिनो चीजची आजची भरभराट बरीचशी त्यांच्या मेंढ्यांवर उभी आहे. उरलेली घरं पुढे पाहुण्यांना राहायला उघडली. आम्ही ज्या खोलीत झोपलो तो एके काळी बैलांचा गोठा होता, गव्हाण तशीच ठेवलेली. तर सांगायचं काय, प्रत्येक माथ्यावरच्या घराला एक कच्चा रस्ता लागतो, आणि तो धारेधारेने जातो. आपण सायकलवरून त्या जुन्या वहिवाटीच फिरत असतो.

हे रस्ते डांबराखाली गेले नाहीत याचं थोडं श्रेय एरोइकाला. १९९७ साली क्यांती भागातल्या गायोले गावातून जुन्या सायकलींची ही फेरी सुरू झाली, ती पांढरे रस्ते वाचावेत या हेतूनेच. तिचा २०९ किलोमीटरचा कायमचा मार्ग पाट्या लावून आखलेला आहे आणि वर्षभर कोणालाही फुकट खुला आहे. मोंताल्चिनो, बुओनकोन्वेन्तो, आशानो असा तो फिरतो. आम्ही त्यातले तुकडे केले. आशानोजवळचा मोन्ते सान्ते मारीए हा साडेअकरा किलोमीटरचा तुकडा सिएनाच्या व्यावसायिक शर्यतीतही असतो. स्विस सायकलपटू फाबियान कान्चेलारा ती शर्यत तीनदा जिंकला म्हणून या तुकड्याला त्याचं नाव दिलंय. तो त्यावरून कसा गेला असेल ते असो. मी मोटर मधल्या मदतीच्या 'टुर'वरून सगळ्यात जास्त मदतीच्या 'टर्बो'वर नेली आणि तरी शेवटच्या चढाला तोंडाने श्वास घेत होते.

बॅटरीचा हिशेब: सगळ्यात कमी मदतीच्या 'इको'वर दिवसभर पुरते. 'टर्बो'ची चटक लागली तर दुपारच्या जेवणालाच पट्ट्या लाल. चार्जर बरोबर मागून घ्या. खाणावळीत विचारलं तर लावू देतात.

पावसाचं मात्र गंभीरपणे घ्या. एका दुपारी तासभर सर आली. कोरडा असताना पिठासारखा उडणारा तोच पांढरा रस्ता ओला झाला की टायरला लपेटून बसतो. चिखल फोर्कच्या कमानीत साठला, चाक फिरेना, मोटर असून उपयोग शून्य. आजोबांनी निघताना हँडलच्या पिशवीत एक लाकडी उलथनं टाकलं होतं, तेव्हा मी त्याचा अर्थ विचारला नव्हता. त्याने खरवडायचं, दहा पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. ज्या दिवशी पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी डांबरी रस्त्याचा बेत आखा किंवा पिएन्झात बसून राहा. पिएन्झा बसून राहण्यासारखंच आहे. पोप दुसरा पिउस याने आपलं जन्मगाव १४५९पासून नव्याने बांधून घेतलं, त्याचा चौक पाच मिनिटांत पाहून होतो आणि तासभर सुटत नाही.

आता कंपनीचे अडीच गुण कुठे गेले ते. त्यांनी फोनवर मार्ग दाखवायला दिलेली जीपीएक्स फाइल आम्हाला बान्यो विन्योनीला जाताना सरळ कास्सिया हायवेवर घेऊन गेली. ट्रक खांद्याला घासून जातात. त्याला समांतर, वरच्या विन्योनी वाडीवरून जाणारा पांढरा रस्ता आहे, रोमला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या फ्रान्चिजेना वाटेचाच भाग, लाल-पांढऱ्या खुणांचा. तो आम्हाला आजोबांनी दाखवला, फुकट. दुसरं, सामान. पुढच्या मुक्कामी बॅग पोचवण्याचे वेगळे पैसे घेतले होते आणि बॅग रात्री नऊला आली. तोवर दोघी पांढऱ्या धुळीत माखलेल्या, जेवणघरात कोपऱ्यातलं टेबल मागून बसलेल्या. फोनवर उत्तर मिळालं, 'गाडी वाटेत आहे.' हे वाक्य पुण्याच्या कुरिअरवालेही बोलतात, त्याला युरो मोजायची गरज नाही.

बान्यो विन्योनीला गावाच्या चौकात फरशीऐवजी गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई. पण वाहून जाणारं पाणी खाली जुन्या गिरण्यांच्या कातळातून पाटाने जातं, तिथे पाय सोडून बसा. पैसे लागत नाहीत.

कुत्र्यांबद्दल. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे मारेम्मा कुत्रे असतात. तिकडे लांडगे आहेत, म्हणून ते खरोखर कामावर असतात. कळप दिसला की उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरायची आणि शांतपणे चालत लांबून वळसा घ्यायचा. पळवायची नाही.

शाकाहारींसाठी: पिची नावाचे जाड, हाताने वळलेले शेवयांसारखे पास्ते मिळतात. ते 'आल्योने' म्हणजे लसूण-टोमॅटोत मागा, मांस नसतं. पेकोरिनोत मात्र बहुधा प्राण्यांच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवायचं रेनेट असतं, पाळत असाल तर विचारा. ब्रेडला मीठ नसतं. भाकरीलाही नसतंच, त्यामुळे मला काही वाटलं नाही. बहीण इतकी वर्षं तिथे राहूनही कुरकुरते. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, दुकानंही बंद, म्हणून डबा ठेवा. आमच्या पिशवीत दशम्या होत्या.

हिरवं बघायचं तर एप्रिल-मे. जुलैत गहू कापलेला असतो आणि ऊन डोक्यात जातं. पुढे नांगरट झाली की सगळं करडं ढेकूळ. सान क्विरिकोला रेल्वे नाही. बुओनकोन्वेन्तोला स्टेशन आहे, सिएनाहून येणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत सायकलचं चिन्ह असलेला डबा बघा आणि सायकलचं वेगळं तिकीट काढा.

परत गेले तर सायकल त्याच दुकानातून घेईन, खोल्या स्वतः आरक्षित करीन, एकाच गावी मुक्काम ठेवीन म्हणजे सामान हलवायचा प्रश्नच नको, आणि नकाशा आजोबांकडून पेन्सिलीने काढून घेईन. सायकल परत देताना त्यांनी चिखल पाहिला, पाइप माझ्या हातात दिला आणि अनामत पूर्ण परत केली.