एक फाईल उघडून दाखवली आणि मी तीस हजार भरले

कुणी तुमची कुलूप लागलेली एक फाईल उघडून दाखवली, तर त्यावरून बाकीच्याही उघडतील असं समजू नका. एवढं एकच वाक्य २०२० च्या जानेवारीत मला कुणी सांगितलं असतं, तर माझे तीस हजार रुपये वाचले असते. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका प्रेसवाल्यांचा फोन आला. माझ्यासारखंच त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हायरसनं सगळ्या फायलींना कुलूप लावून ते सोडवायचे पैसे मागितलेत, आणि त्यांनाही एकानं एक फाईल उघडून दाखवलीय. त्यांना फोनवर घाईत जे सांगितलं, ते इथे नीट सांगते.

बार्शीत माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वर्षातून एखाददुसरी स्मरणिका. घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर. त्यातल्या एका कॉम्प्युटरवर तेव्हा चौदा वर्षांचं काम होतं. ज्यांची मुंजीची पत्रिका मी केली, त्यांच्या लग्नाचीही मीच केली. जुनी फाईल उघडायची, घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं तपासायची, कोण आता हयात नाही ते विचारून घ्यायचं. आमच्या धंद्याचं भांडवल म्हणजे या जुन्या फायली. मशीन काय, पुन्हा घेता येतं.

लग्नसराईचे दिवस होते. एका गिऱ्हाइकाला पत्रिकेवर नवरा-नवरीचा फोटो मागची भिंत काढून हवा होता. ते काम झटपट करणारं एक सॉफ्टवेअर मी पाहिलं होतं, पण ते विकत घ्यायचं जिवावर आलं. इंटरनेटवर एका साइटवर तेच फुकट मिळत होतं, क्रॅकसकट, म्हणजे पैसे न भरता ते चालू करून देणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमसकट. डाउनलोड करताना अँटिव्हायरसनं लाल खिडकी दाखवली. साइटवर लिहिलंच होतं की असा इशारा येईल, तो खोटा असतो, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा. मी बंद केला. चोरीचं सॉफ्टवेअर मी स्वतःच्या हातानं घरात घेतलं, ही चूक माझी आणि ती मी लपवत नाही. आमच्या धंद्यात हे किती जण करतात ते मला माहीत आहे, म्हणूनच सांगतेय.

इन्स्टॉल केल्यावर विंडोज अपडेटची असते तशी खिडकी आली, टक्के पुढे सरकायला लागले. अपडेट चालू असताना मशीन बंद करू नये हे आपल्याला पाठ झालेलं असतं. मी बंद केलं नाही, स्वयंपाकघरात गेले. ती खिडकी बनावट होती. तिच्या आडून फायलींना कुलूप लावायचं काम चालू होतं.

परत येऊन बघते तर डेस्कटॉपवरची सगळी चित्रं पांढरी. प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अक्षरांचं नवं शेपूट लागलेलं: टी, ओ, पी, आय. टोपी. मला आधी वाटलं कुणीतरी आपल्याकडचाच माणूस आहे. तसं काही नव्हतं. हा व्हायरस करणारे दर काही दिवसांनी असलीच चार अक्षरं बदलत असत. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावानं ओळखलं जाणारं हे रॅन्समवेअरचं, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, घराणं आहे. मोठ्या कंपन्यांपेक्षा तुमच्या-माझ्यासारख्या घरगुती मशीनवाल्यांवर ते पोसलं, आणि शिरतं ते बहुतेक वेळा क्रॅकमधूनच. २७ जून २०१७ ला अशाच एका हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. बंदरांचं, बँकांचं दुखणं, आपल्याला काय!

बॅकअप होता का, हे सगळे विचारतात. होता. बाहेरची डिस्क होती, दर रविवारी त्यावर कॉपी करत असे. पण ती कॉम्प्युटरला लावलेलीच असायची. तीही गेली.

प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाईल पडली होती. त्यात मागणी होती ९८० डॉलरची. ७२ तासांच्या आत संपर्क केला तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये. तेव्हाच्या भावानं साधारण पस्तीस हजार रुपये. त्याच्या वरच्या ओळी मी घाबरून वाचल्याच नाहीत. सगळा घात तिथे झाला, ते पुढे येईल.

मशीनवरून उपाय शोधायला गेले तर व्हायरसविषयीच्या साइट उघडेचनात. तीही त्याचीच करामत. विंडोजमधल्या एका छोट्या यादीत तो अशा साइटची नावं घालून ठेवतो, म्हणजे माणूस मदतीपर्यंत पोचू नये. मग मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर जाहिरात होती: रॅन्समवेअर काढून देऊ, डेटा शंभर टक्के परत. फोन लावला. माणूस मराठी, बोलणं गोड.

“ताई, अजिबात घाबरू नका. ही केस आमच्याकडे रोज येते. परदेशातून सॉफ्टवेअर घेतलंय आम्ही.”

मी विचारलं, आधी खात्री कशी पटवाल? म्हणाला, “एक फाईल पाठवा ना. उघडून देतो, मगच पैशाचं बोलू. फक्त छोटी द्या. महत्त्वाची नको, साधीच द्या. आणि ती रीडमी पण पाठवा.”

मला ते फार प्रामाणिक वाटलं. आधी काम, मग दाम. मी एक जुनी मुंजीची पत्रिका पाठवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती व्हॉट्सॲपवर परत आली. उघडली, आणि खरंच उघडली. त्या पत्रिकेत खाली ‘निमंत्रक’च्या जागी चुकून ‘नियंत्रक’ टाइप झालं होतं. प्रूफला सापडलेली चूक, ही दुरुस्तीच्या आधीची फाईल होती. तो ‘नियंत्रक’ स्क्रीनवर दिसला आणि मला रडू आलं. माझीच फाईल, माझ्याच चुकीसकट. आता अविश्वास कशावर ठेवायचा?

बावन्न हजार सांगितले. तीस आधी, बावीस काम झाल्यावर. “आजच्या आज टाका ताई, उद्या रेट वाढतो.” हे म्हणाले, थोडं थांबू, कुणाला तरी विचारू. मी ऐकलं नाही. शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका प्रेसला जायची होती, तीन लग्नपत्रिका अडकल्या होत्या. तीस हजार त्याच्या खात्यावर टाकले आणि हार्ड डिस्क काढून कुरिअरनं पाठवली. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या त्या दिवशी योगायोगानं घरी होता. “काकू, जशा आहेत तशा सगळ्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवू, मग पाठवा,” म्हणून तो हटून बसला. त्या हट्टाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, कारण पाठवलेली डिस्क आजतागायत परत आलेली नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, सर्व्हरवर लोड आहे. सहाव्या दिवशी, तुमची ‘की’, म्हणजे कुलपाची किल्ली, वेगळी निघाली, अजून पस्तीस हजार लागतील. मी आवाज चढवला, त्यानं फोन ठेवला. नंतर नंबर कधीच लागला नाही.

मग पुतण्यानं ती रीडमी पहिल्या ओळीपासून वाचली आणि माझ्यासमोर फोन धरला. चोरांनी स्वतःच लिहिलं होतं: खात्रीसाठी एक फाईल पाठवा, ती आम्ही फुकट उघडून देऊ, मात्र एकच, आणि तिच्यात महत्त्वाची माहिती नसावी.

महत्त्वाची नको, साधीच द्या. शब्दसुद्धा तेच.

त्या माणसाकडे कसलंही सॉफ्टवेअर नव्हतं. त्यानं माझी फाईल आणि माझ्या मशीनचा आयडी असलेली रीडमी चोरांना पाठवली, त्यांनी फुकटात उघडून दिली, ती त्यानं मला स्वतःची कला म्हणून दाखवली. ‘उद्या रेट वाढतो’ हे तेवढं खरं होतं. ७२ तास संपत आले होते. मला वाटतं, ४९० डॉलर चोरांना देऊन वरचे स्वतःला ठेवायचा त्याचा बेत असावा, आणि मुदत हुकल्यावर भाव दुप्पट झाला तसा त्यानं पळ काढला. की पहिल्यापासूनच माझे तीस हजार उचलायचे होते? ते त्यालाच ठाऊक.

फायली खरोखर सुटू शकतात का, हे ठरतं कशावर, तेही मला तेव्हाच कळलं. हा व्हायरस कुलूप लावताना आधी चोरांच्या सर्व्हरकडून तुमच्या मशीनपुरती वेगळी किल्ली मागतो. ती ‘ऑनलाइन की’. सर्व्हरशी गाठ पडली नाही तर स्वतःबरोबर आणलेली ठरावीक किल्ली वापरतो, ती ‘ऑफलाइन की’, आणि ती अनेकांना एकच असते. त्यातल्या एकानं पैसे भरून किल्ली मिळवली आणि जाणकारांना दिली, की बाकीच्यांचंही कुलूप निघू शकतं. रीडमीच्या शेवटी जो लांबलचक पर्सनल आयडी असतो तो बघा. त्याची शेवटची दोन अक्षरं ‘टी’ आणि ‘१’ असली तर ऑफलाइन, म्हणजे आशा आहे. माझी नव्हती.

मायकेल गिलेस्पी नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरच्या मेहनतीतून एम्सिसॉफ्ट कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये याच व्हायरसवर एक डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप काढणारा प्रोग्रॅम, काढला, फुकट. १४८ प्रकारांच्या फायली त्यानं सोडवता यायच्या. पण २०१९ च्या ऑगस्टनंतर चोरांनी कुलूप पक्कं केलं होतं, आणि ‘टोपी’ त्यानंतरची. पुतण्यानं तो चालवून पाहिला. निरोप आला की हा ऑनलाइन आयडी आहे, सोडवणं अशक्य. एवढं स्पष्ट, आणि एक रुपया न घेता. डच पोलीस, युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइटही अशी साधनं फुकटच देते. तिथे नमुन्याची फाईल टाकली की कुठला व्हायरस आहे आणि उपाय आहे का ते सांगतात. तिथे नाही म्हटलेलं काम कुणी पैशावर करून देतो म्हणाला, तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा चोरांच्याच दारात जाणार आहे.

लॉकडाउनमध्ये काम बंद, हात रिकामे, तेव्हा मी पुन्हा शोधायला बसले. २०२० च्या जूनमध्येच या व्हायरसचा डिक्रिप्टर म्हणून एक बनावट प्रोग्रॅम फिरत होता, ‘झोरॅब’ नावाचं दुसरंच रॅन्समवेअर. आधीच कुलूप लागलेल्या फायलींवर तो आणखी एक कुलूप घालायचा. बुडत्याच्या हातात काडीऐवजी दगड द्यायचा प्रकार. मी तेव्हा शोधात दिसेल ते डाउनलोड करायच्या मनःस्थितीत होते. पुतण्यानं ताकीद दिली होती की मला विचारल्याशिवाय काही उतरवायचं नाही, म्हणून वाचले.

तरी थोडं हाती लागलं, आणि ते ऐका, कारण ते कुणी सांगत नाही. घाई व्हावी म्हणून हा व्हायरस अख्खी फाईल कुलूपबंद करत नाही, सुरुवातीचे सुमारे १५० केबी तेवढे करतो. छोटी पत्रिका त्यात पुरती जाते, पण मोठ्या फाईलचा मागचा भाग शाबूत असतो. शाळेच्या स्मरणिकेची सगळी पानं मी प्रेससाठी एका झिपमध्ये बांधून ठेवली होती. नाव बदलून ती झिप उघडली, तर पहिल्या एक-दोन फायली सोडून बाकी पानं जशीच्या तशी निघाली. मुख्याध्यापकांचं मनोगत तेवढं नव्यानं टाइप केलं. गिऱ्हाइकांना प्रूफ म्हणून पाठवलेल्या पीडीएफ माझ्या मेलच्या सेंटमध्ये होत्या. त्या बघून बऱ्याच पत्रिका पुन्हा उभ्या केल्या. मुलीच्या आरंगेत्रमचा व्हिडिओ दुरुस्त होऊन चालला. फोटो मात्र बहुतेक गेले. सासूबाईंच्या शेवटच्या दिवाळीचे होते त्यात.

अजून एक, आणि हे फायलींच्या नादात राहून जातं. हा व्हायरस अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा दुसरा व्हायरसही आणतो. तीन दिवसांनी माझ्या मेलमध्ये परदेशातून कुणी शिरायचा प्रयत्न केल्याचा इशारा आला. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरा आणि दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून लगेच बदला. बँकेचा आधी.

तक्रार मी अकराव्या दिवशी केली. लाज वाटत होती. बँकेत गेले तर कळलं की पैसे त्याच दिवशी पुढे गेले होते. सायबर पोर्टलवर नोंद केली, पोलीस ठाण्यात व्हॉट्सॲपचे संवाद आणि पावती दिली. पैसे आले नाहीत. आता ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे. असं काही झालं तर नातेवाइकांना सांगायच्या आधी तो फिरवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच अडवता येतात.

आता शनिवारी रात्री कॉपी झाली की मी डिस्कची वायर काढते आणि डिस्क कपाटात ठेवते. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात पुतण्यानं उतरवलेली ती जुनी डिस्क आहे, वर चिकटपट्टीवर ‘जाने. २०२०, पुसू नये’ असं लिहिलेली. शेड नावाच्या एका रॅन्समवेअरवाल्यांनी एप्रिल २०२० मध्ये दुकान बंद करताना साडेसात लाख किल्ल्या स्वतःहून उघड केल्या होत्या. तशा माझ्याही कधी बाहेर आल्या तर, म्हणून ती जपून ठेवलीय. त्या प्रेसवाल्यांनाही मी हेच सांगितलं, की मशीन फॉरमॅट करायच्या आधी सगळं जसंच्या तसं एका डिस्कवर उतरवून ठेवा. ते पैसे भरणार होते त्या दिवशी. भरले नाहीत, असं काल त्यांच्या मुलानं कळवलं.