पाळीच्या पोटदुखीवर शेक: रबरी पिशवी, विजेची पिशवी आणि गरम पट्टी, वर्षभर वापरून

आधी निकाल सांगून टाकते. शेकानं दुखणं कमी होतं, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, शेती कोरडवाहू. इथं खरी अडचण आहे ती शेक तासभर टिकवायचा कसा याची. लाईट जाते, चूल विझते, आणि वेचणीचे दिवस असले तर पाठ टेकायलाही मिळत नाही. गेल्या दिवाळीपासून तीन वस्तू आलटूनपालटून वापरल्या, त्यांचं हे.

पाळी सुरू होते तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात. त्यांच्यामुळे गर्भाशय जोरात आवळतं, तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. मळमळ, जुलाब, मांड्या भरून येणं हेही बरंचसं त्यांचंच काम. उबेनं स्नायू सैल होतात, रक्त खेळतं. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पोटावर ३९ अंशांच्या आसपास सतत ऊब देणाऱ्या पट्टीनं आयबुप्रोफेन या दुखणं कमी करणाऱ्या गोळीइतकाच आराम दिला होता. ३९ अंश म्हणजे अंगात ताप असतो तेवढंच. चटका बसेल इतकं गरम लागतच नाही, पण ती ऊब बराच वेळ राहायला हवी.

रबरी पिशवी तालुक्याच्या मेडिकलातून अडीचशेच्या आत आली. पहिला महिना रबराचा वास जात नव्हता. आंघोळीच्या पातेल्यातलंच पाणी घेते, उकळतं कधीच नाही. दोन तृतीयांश भरायची, आडवी धरून आतली हवा काढायची, मगच झाकण आवळायचं. हवा राहिली तर पिशवी फुगून पोटावर नीट बसत नाही. झाकणातला वायसर दर वेळी बघायचा. वरून जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा. अशी गुंडाळली की तास-सव्वा तास चांगली ऊब राहते. मांड्या आखडल्या असतील तर कमरेखाली घेऊन गुडघे दुमडून पडायचं, पोटापेक्षा तिथं जास्त बरं वाटतं. रबर घडी घालून पाहायचं, बारीक चिरा दिसल्या की पिशवी टाकून द्यायची, मग कितीही नवी दिसो. आणि ती घेऊन झोपी जायचं नाही. रोज फार गरम शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मधुमेहानं ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांना तर भाजलेलं कळतही नाही.

विजेची जेलची पिशवी मला फारशी पटली नाही. दहा मिनिटं लावली की आपोआप बंद होते, हे छान. पण सुरुवातीला फार तापते आणि नेमकी गरज असते तेव्हा लाईट नसते. पावसाळ्यात माझ्या पिशवीची शिवण पाझरायला लागली, दुकानदारानं बदलून दिली नाही. पिनेला लावलेली असताना अंगावर घ्यायची नाही, हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं, ते मोठं असायला पाहिजे.

तरीही एका घरासाठी मी हीच सुचवेन. जिथं अजून विटाळ पाळतात, तिथं पाळीतल्या बाईला चुलीला हात लावता येत नाही. म्हणजे दुखतंय तिला आणि पाणी तापवून देणार दुसरं कोणीतरी, तेही शेतातून आल्यावर. तिच्या कोपऱ्यात एक सॉकेट असेल तर ती कोणाच्या तोंडाकडे न बघता शेक घेऊ शकते. विटाळ पाळूच नये हे माझं मत, पण ते मत पटेपर्यंत पोट थांबत नाही.

गरम पट्टीत लोखंडाचा भुगा असतो. पाकीट फोडलं की हवा लागून तो गंजायला लागतो आणि त्यातूनच ऊब येते, सात-आठ तास. ती कातडीला नाही, आतल्या कपड्याला चिकटवायची. कापूस वेचताना वरून ओटी बांधली की कोणाला पत्ता लागत नाही, वाकायला-चालायला अडचण नाही. माझ्यासाठी हिवाळ्यातली हीच सगळ्यात कामाची वस्तू. पण एकदाच वापरायची म्हणून महाग पडते, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर गेला की घामानं सुटते, जीवही नकोसा होतो. उन्हाळ्यात मी फक्त रात्री, कूलरसमोर पडून, कोमट पिशवी घेते. बघणारे हसतात.

सासूबाईंचा ओवा-गुळाचा काढाही चालू असतो. “पिऊन घे वं, पोट हलकं होते.” होतं खरं, वाताचा भाग कमी होतो, कळ मात्र राहते. तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी लवकर निवते, पण लाईट आणि पिशवी दोन्ही नसताना तीच कामी येते.

गोळी मी टाळत नाही. मेफेनामिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन, दुखणं चढायच्या आधी, जेवून. पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेफेनामिक अॅसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं २०२३ मध्ये इशारा दिला होता: अंगावर पुरळ, ताप, गाठी आल्या तर गोळी थांबवून दवाखाना गाठायचा. किराणा दुकानातली बिननावाची सुटी गोळी तर घेऊच नका.

“लेकरू झालं की थांबते” हे मलाही सांगून झालं. काहींचं थांबतंही. पण महिन्यागणिक वाढणारं, पाळी नसतानाही राहणारं किंवा संबंधाच्या वेळी होणारं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, असू शकतं, आणि तासातासाला पॅड भिजणं हे तर अंगावर काढण्यासारखं नाहीच. त्यावर शेक देत बसू नये. आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालयात दाखवून घ्यावं.

आता दुकानाचं. पट्टी आमच्याकडे सगळ्या मेडिकलात नसते, सांगून मागवावी लागते. घेताना पाकिटावरची मुदत बघा आणि दाबून पाहा. भुगा आतच कडक झाला असेल तर हवा आधीच शिरलेली असते, ती पट्टी तापत नाही.